'नि'चा 'प'

चूक काटेसाहेबांची नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. चूक होती वजन-मापं खात्यातल्या टायपिस्टबाईंची, आणि त्यांनाही फार बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. शहरात दरवर्षी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाकडून खात्याला एक साधं विनंतीपत्र आलं होतं. महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा एक पुरस्कार असतो. सिनेमा आवडला, की बाहेर पडताना प्रेक्षकाने पितळेची एक चकती त्या सिनेमाच्या बरणीत टाकायची. चकत्या जमतात हजारोंनी, त्या मोजत कोण बसणार, म्हणून बरण्या सरळ वजनकाट्यावर ठेवतात आणि जी जड भरेल ती जिंकते. आदल्या वर्षी हरलेल्या एका दिग्दर्शकाने काट्यावरच संशय घेतला होता. तेव्हा यंदा काटा तपासून त्याला सील ठोकायला खात्याने एक निरीक्षक पाठवावा, एवढीच मागणी होती. खात्याने ती मान्य केली, फक्त मान्यतेच्या पत्रात 'निरीक्षक'ऐवजी 'परीक्षक' पडलं. 'ध'चा 'मा' झाल्याचं आपण सगळ्यांनीच ऐकलंय. इथे 'नि'चा 'प' झाला. त्यावर उपसंचालकांची सही झाली, गोल शिक्का बसला, आणि पत्र रवाना झालं.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. चौतीस वर्षं दुकानादुकानांतले काटे, तराजू आणि लिटरची मापं तपासली म्हणून बाजाराने ठेवलेलं ते नाव होतं. बाजाराकडून ते कॉलनीत आलं, आणि पुढे पुढे रागावल्यावर बायकोही तेच वापरू लागली. खरं नाव फक्त फॉर्म भरताना लागायचं. माणूस सरळ, सरळ म्हणजे इतका की जावयाने लग्नात दिलेलं घड्याळसुद्धा त्यांनी आधी आठवडाभर रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि मगच मनगटावर बांधलं. न तोललेल्या मालावर शिक्का मारायचा नाही, हे त्यांचं एकमेव तत्त्व. एकच असल्यामुळे ते त्याला फार जपत.

तर असे हे काटेसाहेब, हातात प्रमाणित वजनांची लाकडी पेटी, खिशात सील ठोकायची पक्कड, अशा थाटात महोत्सवाच्या कचेरीत पोचले. समोर संयोजिकाबाई होत्या. त्यांच्या हातात दोन फोन होते आणि तिसरा टेबलावर थरथरत होता.

"या, या सर! तुमचीच वाट बघत होतो!"

चौतीस वर्षांत काटेसाहेबांना हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. निरीक्षक पुढच्या दाराने आला की लोक मागच्या दाराने जातात, हा त्यांचा अनुभव. ते थोडे चपापले आणि कामाचं बोलले.

"काटा कुठाय?"

"काटे-चमचे सगळे वरच्या मजल्यावर मांडलेत सर. जेवण दीडला आहे."

"जेवायचा नाही हो बाई. वजनाचा!"

बाईंनी त्यांच्याकडे, मग पेटीकडे पाहिलं, आणि मोठे कलावंत विक्षिप्त असतात हे ऐकून असल्यामुळे गोड हसल्या. मग त्यांनी काटेसाहेबांच्या गळ्यात एक फीत अडकवली. फितीला लटकणाऱ्या कार्डावर लिहिलं होतं : 'परीक्षक, पदार्पण स्पर्धा'. पदार्पण स्पर्धा म्हणजे ज्यांनी आयुष्यात पहिलाच सिनेमा काढलाय अशांची स्पर्धा, बारा देशांतून आलेले बारा सिनेमे. हातात एक जाडजूड पुस्तिकाही आली. तिच्या सातव्या पानावर खात्याच्या ओळखपत्रावरचा, एक डोळा मिटलेला फोटो होता आणि खाली मजकूर : 'मापन क्षेत्रातील ज्येष्ठ नाव. चौतीस वर्षांचा अनुभव. कठोर परीक्षणाबद्दल सर्वदूर धास्ती.' काटेसाहेबांनी मजकूर दोनदा वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळे तक्रार नेमकी कशाबद्दल करावी ते त्यांना कळेना.

तरी त्यांनी केली. बाईंना घाम फुटला, पण त्या ठाम राहिल्या. पाच परीक्षकांपैकी एक प्रख्यात अभिनेत्री घोटा मोडून प्लास्टरमध्ये पडली होती, उरले होते चार. चार जण म्हणजे समसमान मतं पडण्याची भीती, आणि नियमावलीत तर विषम संख्याच हवी असं लिहिलेलं. नेमक्या त्याच दिवशी खात्याचं पत्र आलं होतं. "आम्हाला वाटलं, सर, सरकारला पहिल्यांदाच आमची अडचण समजली. तीन हजार पुस्तिका छापून झाल्यात हो!"

काटेसाहेब तसेच उठून खात्यात गेले. तिथे त्यांना कळलं ते असं. आदेशात चूक असेल तर शुद्धिपत्रक काढावं लागतं. शुद्धिपत्रक संचालकांच्या सहीनेच निघतं. संचालक तीन आठवडे रजेवर आहेत, आणि ते येईपर्यंत मूळ आदेश पाळणं कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. "जाऊन या हो," उपसंचालक म्हणाले. "सहा दिवस गारव्यात बसायचंय. आणि सिनेमातलं काय कळायचं असतं? सगळेच बघतात." काट्याचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले की परीक्षकाने प्रेक्षकांच्या मतांच्या काट्याजवळ फिरकणंसुद्धा आता गैर ठरेल, तेव्हा दुसरा निरीक्षक जाईल. म्हणजे ज्या एका कामातलं काटेसाहेबांना कळत होतं, तेवढंच करायची त्यांना बंदी झाली.

बातमी कॉलनीत पोचायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. आपल्याकडे आजारी माणसाला औषध सांगायला आणि परीक्षकाला परीक्षण शिकवायला कोणीही चालतो. खालच्या मजल्यावरचे कॅशियरकाका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी अजून अंगठा ओला करून वर्तमानपत्राची पानं उलटतात. ते म्हणाले, "चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. आवडलं तरी नाही, नाही आवडलं तरी नाही. गिऱ्हाइकाला कळता कामा नये." वरच्या काकूंचं म्हणणं, टाळ्या आधी आपण वाजवायच्या नाहीत, दुसऱ्याने सुरू केल्या की मग वाजवायच्या, एकट्याने वाजवल्या की माणूस अडाणी दिसतो. केस कापताना न्हाव्याने गुपित सांगितलं, की परदेशी सिनेमात शेवटी कोणीतरी मरतं, आणि नाही मेलं तर सिनेमा हलका समजायचा. काटेसाहेबांनी तिन्ही सल्ले वहीत उतरवून घेतले. तपासल्याशिवाय ते काही मानत नसत, पण टाकूनही देत नसत.

बायको मात्र खूश होती. तिने मुलीच्या लग्नातला कोट बाहेर काढला. कोटाचं माप तेव्हाचं होतं आणि काटेसाहेबांचं आताचं.

"अगं, बटण लागत नाहीये."

"लागतं. श्वास हळू घ्या."

"सहा दिवस?"

"बसल्यावर उघडा. अंधारातच तर बसायचंय तुम्हाला," बायको म्हणाली आणि तिने कॉलर नीट केली. सहा दिवस तिने रोज ती तितक्याच काळजीने नीट केली, हेही इथे नोंदवायला हवं.

परीक्षक मंडळात बाकीचे चौघे मातब्बर होते. अध्यक्ष म्हणजे एक परदेशी वयोवृद्ध दिग्दर्शक. त्यांच्या गळ्यात मफलर असे आणि त्यांचं सगळं बोलणं दुभाष्यामार्फत चाले. दुसरे एक समीक्षक, ज्यांना सिनेमा सुरू होण्याआधीच तो आवडलेला नसे. तिसऱ्या एक संकलक बाई, चौथे एक संगीतकार. ओळख करून देताना काटेसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मी वजनं बघतो." दुभाष्याने ते अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली आणि काहीतरी पुटपुटले. दुभाषा म्हणाला, "ते म्हणतात, अगदी बरोबर. सिनेमात वजनच बघायचं असतं." पहिल्याच दिवशी काटेसाहेबांचा असा दबदबा बसला, आणि त्यात त्यांचा काही हात नव्हता.

काम म्हणजे काम. रोज दोन सिनेमे. काटेसाहेबांनी वहीत रकाने आखले आणि सिनेमा सुरू होताना घड्याळ लावायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माल पकडला. पुस्तिकेत सिनेमा अठ्ठ्याण्णव मिनिटांचा लिहिलेला, आणि पडद्यावर भरला शहाण्णव. दोन मिनिटं मापात मारलेली! दिवे लागताच ते तडक प्रोजेक्टरच्या खोलीत गेले. ऑपरेटरने आधी उडवाउडवी केली. मग घड्याळ पुढे धरल्यावर कबूल झाला, की शेवटी नावं येतात ती कोणी बघत नाही, म्हणून चहाला जायच्या घाईत तो ती कापतो. नेमक्या त्या दोन मिनिटांत त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने आपल्या आईचे आणि गावातल्या एकशे तीस माणसांचे आभार मानलेले होते. तो दिग्दर्शक धावत आला आणि काटेसाहेबांचे दोन्ही हात धरून बराच वेळ सोडेना. पुढे सगळे सिनेमे शेवटच्या अक्षरापर्यंत दाखवले गेले. ऑपरेटर मात्र तेव्हापासून काटेसाहेबांकडे पाहून बोलेनासा झाला.

चहाची कथा वेगळीच. थिएटरच्या आवारातला चहावाला बाजारातला जुना ओळखीचा निघाला. एकदा दुधाच्या मापावरून काटेसाहेबांनी त्याला दंड ठोकला होता. कोटातले काटेसाहेब लांबून दिसताच त्याने शटर खाली ओढलं, आणि ते इकडेतिकडे असेपर्यंत वर घेतलंच नाही. म्हणजे पूर्ण परीक्षक मंडळ दोन दिवस चहाविना. समीक्षकांनी त्या दोन दिवसांत चार सिनेमांना 'रसहीन' म्हटलं, त्यात किती वाटा सिनेमांचा आणि किती चहाचा हे सांगणं कठीण आहे. शेवटी काटेसाहेबांनी शटरखालून चिठ्ठी सरकवली, 'मी परीक्षक आहे, निरीक्षक नाही', तेव्हा कुठे शटर गुडघ्यापर्यंत उघडलं आणि कप बाहेर आले.

चौथ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, आठवा सिनेमा लागला. नाव होतं, मराठीत सांगायचं तर, 'थोपटणं'.

गोष्ट एवढीशी. एक ट्रकवाला तीन महिन्यांनी घरी येतो. बायको वारलेली, घरात सात वर्षांची मुलगी. गादीवर पडला तरी बापाला झोप येत नाही. अंग अजून रस्त्यावरच असतं, डोळे मिटले की समोरून दिवे येतात. बिचारा रात्र रात्र उठून बसतो. मग एके दिवशी ती मुलगी त्याला कुशीवर वळवते आणि थोपटू लागते. तोंडाने नुसतं हं हं करते, ना शब्द ना गाणं. कॅमेरा हलत नाही, काही घडत नाही, ती थोपटत राहते. काटेसाहेबांनी वहीत नोंद केली : '१ तास ४ मि. मुलगी थोपटू लागली.' त्याखालची नोंद : '१ तास १५ मि. सकाळ झाली. ट्रक निघाला.' दोन नोंदींच्या मध्ये पेनाची एक रेघ होती. ती पानावरून घसरत खाली गेली होती आणि त्यांच्या विजारीवर संपली होती.

कोणाच्या लक्षात आलं नाही. डावीकडे अध्यक्ष गॉगल लावून होते, उजवीकडे समीक्षक मान हलवत वहीत 'संथ, संथ, संथ' असं लिहीत होते. पण काटेसाहेबांना घास गोड लागेना. रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं.

"झोपलात तर झोपलात," ती म्हणाली. "रोज टीव्हीसमोर झोपता, तेव्हा नाही वाटत काही?"

"टीव्हीवर मला शिक्का मारायचा नसतो."

"मग त्या सिनेमावर नका मारू. अकरा आहेत की अजून."

तोडगा चांगला होता, पण तो चालायचा नव्हता. सातव्या दिवशी सकाळी नऊला निकालासाठी बैठक बसली, तेव्हा बारातले दहा सिनेमे तासाभरात गळाले. उरले दोन. एक घोड्यांचा, ज्यात चारशे घोडे नदी ओलांडतात आणि शेवटी नायकासकट बरेच जण मरतात. दुसरा 'थोपटणं'. अध्यक्ष आणि समीक्षक घोड्यांच्या बाजूने, संकलक बाई आणि संगीतकार 'थोपटणं'च्या. दोन विरुद्ध दोन. चार माना काटेसाहेबांकडे वळल्या.

जिंकणारा सिनेमा चाळीस शहरांतल्या थिएटरांत लागणार होता. हरणारा बहुधा डब्यात बंद होऊन घरी जाणार होता. 'थोपटणं' काढणारी मुलगी, वय असेल सव्वीस-सत्तावीस, बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली होती. येताना काटेसाहेबांनी तिला पाहिलं होतं. तिने उठून मान झुकवली होती आणि ते खाली बघून पुढे गेले होते. आता नुसतं एक बोट वर केलं असतं तरी काम झालं असतं. सिनेमा त्यांना आवडलाही होता, जेवढा पाहिला तेवढा. पण पोत्याचं तोंड उघडून वरचे चार दाणे बघायचे आणि अख्ख्या पोत्यावर शिक्का मारायचा, हे त्यांनी दुसऱ्यांना करताना पकडलं होतं. त्यांनी कोटाचं बटण सोडलं, एक पूर्ण श्वास घेतला आणि म्हणाले, "मला मत देता येणार नाही. मधली अकरा मिनिटं मी झोपलो होतो."

समीक्षकांचा चेहरा उजळला. दुभाष्याने भाषांतर केलं, अध्यक्ष काही बोलले, दुभाषा म्हणाला, "ते म्हणतात, यापेक्षा चांगल्या सिनेमांत मी झोपलोय आणि बक्षिसं दिली आहेत." पण काटेसाहेब बधले नाहीत. संयोजिकाबाईंनी नियमावली उघडली. त्यात स्पष्ट होतं : ज्या परीक्षकाने चित्रपट पूर्ण पाहिला नाही, त्याने त्यावर मत देऊ नये. उपाय एकच, पुन्हा दाखवायचा. संकलक बाई म्हणाल्या, फक्त ती अकरा मिनिटं दाखवा. "नाही," काटेसाहेब म्हणाले, "माप पूर्ण हवं." समारंभ संध्याकाळी सहाला होता. घाईघाईने साडेदहाचा खेळ ठरला. परीक्षक जागा असल्याची साक्ष द्यायला कोणीतरी हवं, म्हणून बाईंनी फोन करून काटेसाहेबांच्या बायकोला बोलावून घेतलं.

ती आली ती पर्समध्ये सेफ्टी पिन घेऊन. "डोळा मिटला की टोचणार," तिने सांगितलं, आणि ती तसं करणारी बाई होती. काटेसाहेब ताठ बसले. तास गेला. पडद्यावर मुलीने बापाला कुशीवर वळवलं. काटेसाहेब जागे झाले तेव्हा पडद्यावर सकाळ होती, ट्रक निघाला होता, आणि बायकोचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. सेफ्टी पिन बंदच होती.

"अहो, मला फक्त एक मिनिट लागला हो डोळा," ती ओशाळून म्हणाली.

तोवर बातमी फुटली होती. कशी फुटली हे विचारू नये. पाच परीक्षक आणि एक दुभाषा असलेल्या खोलीतून बातमी न फुटती तरच नवल. कॅशियरकाकांचा फोन आला, "मी म्हटलं होतं, चेहऱ्यावर काही दाखवू नका. पण झोप दाखवू नका हे वेगळं सांगायचं राहिलं." उपसंचालकांनी तर अडचणीचाच प्रश्न विचारला, "कर्तव्यावर असताना झोपलात का? कारण मग मला नोंद करावी लागेल. पण कर्तव्य कुठलं लिहू?" आवारातून जाताना दोन पत्रकारांनी काटेसाहेबांकडे पाहून गाल हातावर टेकवायची खूण केली. चौतीस वर्षांत बाजारात लोक त्यांना मागून बरंच काही म्हणाले होते, पण तोंडावर हसलं कोणी नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. आपण सकाळी गप्प बसून बोट वर केलं असतं तर, असा विचार त्यांच्या मनात एकदाच येऊन गेला, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. बायकोने पत्रकारांना जवळ बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही झोपल्यावर कधी कोणाला सांगितलंय का? यांनी सांगितलं." पत्रकार निघून गेले.

दुसरा खेळ दोनला. या वेळी कसलीही कसर ठेवली नाही. काटेसाहेबांनी तोंडावर गार पाणी मारलं, चहावाल्याने पूर्ण शटर उघडून दोन कप कडक चहा पाजला, आणि ते खुर्चीत न बसता भिंतीला पाठ लावून उभे राहिले. प्रकरण काय आहे ते बघायला अध्यक्ष स्वतः आले, म्हणजे दुभाषाही आला. बायको होतीच. ऑपरेटरने खिडकीतून पहिल्यांदाच काटेसाहेबांकडे पाहून अंगठा वर केला.

पावणेचार वाजले तरी कोणी बाहेर येईना, म्हणून संयोजिकाबाईंनी दार उघडलं. सिनेमा केव्हाच संपला होता, पडदा पांढरा होता आणि दिवे कोणी लावले नव्हते. बायको दोन खुर्च्यांवर आडवी झाली होती. अध्यक्षांनी मफलरची उशी केली होती, दुभाषा त्यांच्या शेजारी तोंड उघडं टाकून पडला होता, ऑपरेटर खिडकीत हातावर डोकं टेकून होता. आणि काटेसाहेब भिंतीला टेकून, उभे, वही छातीशी धरून गाढ झोपले होते. बाईंना हाक मारायचं सुचेना. त्या जवळच्या खुर्चीवर बसल्या. आठवडाभरात त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

चारला पुन्हा बैठक. समीक्षक घड्याळ दाखवत म्हणाले, "संपला विषय. यांनी सिनेमा पाहिलेला नाही. तीनदा संधी दिली, तीनदा झोपले. यापेक्षा मोठा दोष कुठला?"

काटेसाहेब उभे राहिले. या वेळी त्यांचा आवाज बाजारातला होता.

"मत मी देणार नाही. नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण एक सांगतो, आणि ते परीक्षक म्हणून नाही, निरीक्षक म्हणून. काट्याबद्दल शंका असली की आम्ही तेच वजन तीनदा ठेवतो. दर वेळी काटा वेगळीकडे थांबला, तर काटा खोटा. तीनदा तिथेच थांबला, तर खरा. हा सिनेमा मी तीनदा ठेवला. एकदा जेवून, एकदा उपाशी, एकदा उभ्याने. तिन्ही वेळा एक तास चार मिनिटं. वहीत आहे. ती पोरगी बापाला झोपवायला बसते आणि बाप झोपतो, असा सिनेमाचा दावा आहे. मी तपासला. दावा खरा आहे."

"अहो, कंटाळा आला की झोप येतेच!" समीक्षक म्हणाले.

"बाकीचे अकरा सिनेमे मी टक्क जागा राहून पाहिलेत साहेब. त्यातले काही कंटाळ्याला अगदी सोयीचे होते."

दुभाषा हे सगळं भराभर अध्यक्षांना सांगत होता. अध्यक्ष बराच वेळ मफलरशी चाळा करत राहिले. मग हळूहळू बोलले, आणि दुभाष्याने प्रत्येक वाक्यानंतर थांबून सांगितलं, "ते म्हणतात, पहिल्या वेळी मी हा सिनेमा पूर्ण पाहिला होता. काळा गॉगल लावून, दिग्दर्शकाच्या नजरेने. मला वाटलं, कॅमेरा हलवायला हवा होता. ते म्हणतात, गेली सहा वर्षं मी गोळी घेतल्याशिवाय झोपलेलो नाही. आज झोपलो." दुभाष्याने पुढचं वाक्य ऐकून घेतलं. "ते म्हणतात, घोडे चांगले आहेत, पण माझं मत मी बदलतो."

तीन विरुद्ध एक. काटेसाहेबांच्या नावासमोर बाईंनी लिहिलं : 'मत दिले नाही.' काटेसाहेबांनी ती नोंद वाचून खाली सही केली.

संध्याकाळी समारंभ झाला तो नेहमीसारखा लांबला. प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार घोड्यांच्या बरणीला गेला, काट्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. पदार्पणाचा पुरस्कार 'थोपटणं'ला जाहीर झाला तेव्हा वरच्या काकूंचा सल्ला विसरून काटेसाहेबांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. शेजारी बायकोनेही वाजवल्या, आणि कोटाचं बटण तुटून पुढच्या रांगेत उडालं ते कोणाला सापडलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ती मुलगी त्यांना शोधत आली. सोबत दुभाषा, त्याला तिचीही भाषा येत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "ती अकरा मिनिटं शेवटी पाहिलीत का तुम्ही?"

आज खोटं बोलायला कोणाचीच हरकत नव्हती. "नाही बाळ," काटेसाहेब म्हणाले. "तीनदा प्रयत्न केला. नाही जमलं. माफ कर."

मुलगी हसली नाही. तिने दुभाष्याकडे न पाहता, काटेसाहेबांकडेच बघत काहीतरी सांगितलं. दुभाषा हळू आवाजात म्हणाला, "ती म्हणते, तिचे वडील ट्रक चालवायचे. गोष्ट त्यांचीच आहे. तिने त्यांना हा सिनेमा चार वेळा दाखवला. दर वेळी ते तिथेच झोपतात. पुढचं त्यांनी अजून पाहिलेलं नाही. ती म्हणते, मला वाटायचं त्यांना आवडला नाही. कंटाळतात, पण मुलीचं मन कसं मोडायचं म्हणून बोलत नाहीत."

काटेसाहेबांना एकदम आपली मुलगी आठवली, तिचं शाळेतलं पाठांतर आठवलं, आणि ऐकता ऐकता आपल्याला लागलेली डुलकी आठवली. बायको पुढे झाली आणि तिने त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"कंटाळलेला माणूस घड्याळ बघतो गं," काटेसाहेब म्हणाले. "मी तर घड्याळ हातात धरून बसलो होतो, तरी बघितलं नाही. तुझ्या बाबांना अजून कळतंय, की थोपटणारी तूच आहेस. म्हणून झोपतात ते."

दुभाष्याने ते सांगितलं. मुलीने बक्षिसाची जड मूर्ती काटेसाहेबांच्या हातात दिली, डोळे पुसले आणि तिथेच उभ्या उभ्या घरी फोन लावला. पलीकडून एक झोपाळू, घोगरा आवाज आला. ती बराच वेळ बोलत राहिली, मध्येच हसली, मध्येच गप्प झाली. ती काय बोलली ते दुभाष्याने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.